क्रॉलस्पेस: फोम बोर्ड भिंतीला लावू की फ्लोअरच्या पोटाला?

उंबरठा
नमस्कार मंडळी. मेरीलँडमध्ये आमचं जुनं घर आहे. खाली तळघर नाही, क्रॉलस्पेस आहे. उंची जेमतेम तीन फूट, उकिडवं बसलं तरी डोकं जॉइस्टला (फ्लोअरखालच्या आडव्या तुळयांना) आपटतं. ब्लॉकच्या भिंती, त्यात हवेसाठी जाळीचे व्हेंट आणि खाली उघडी माती. आधीच्या मालकाने जॉइस्टच्या मधे इन्सुलेशन म्हणून (थंडी-ऊन अडवायला) गुलाबी फायबरग्लास भरलं होतं. त्यातले निम्मे पट्टे आता लोंबतायत, काही चक्क मातीत लोळतायत. हिवाळ्यात स्वयंपाकघराची फरशी इतकी गार पडते की मोजे घालूनही पाय टेकवत नाही. उन्हाळ्यात खालून कुबट वास.

दोन कंत्राटदार बघून गेले. पहिला म्हणतो, जुनं काढा, नवं फायबरग्लास भरा, व्हेंट उघडे ठेवा. दुसरा म्हणतो, व्हेंट बुजवा, मातीवर प्लास्टिक अंथरा, भिंतींना आतून फोम बोर्ड लावा, फ्लोअरखाली काहीही नको. दोघांनीही एकमेकांना वेड्यात काढलं.

मला दुसऱ्याचं पटतंय, पण काम स्वतः करायचा विचार आहे. दोन इंची एक्सपीएस (ते निळे-गुलाबी बोर्ड असतात ते) पुरेल का? व्हेंट खरंच बुजवायचे? आणि हे सगळं करून ओल आतच कोंडली गेली तर? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. गूगल करून झालंय, त्याने गोंधळ वाढलाच.

भोचक_भवानी
पहिला प्रश्न: तुम्ही खाली शिरणार हे घरच्यांना सांगितलंय का? वरून हॅच बंद करून कोणी बाजारात गेलं तर धागा अर्धवट राहायचा.

ओलावामीटर
उन्हाळ्यात कुबट वास येतो म्हणताय ना, तिथूनच सुरुवात करा. गार फरशीचं नंतर बघू.

जुलैमधली तुमच्याकडची हवा धरा: ८५ अंश फॅरनहाइट, आर्द्रता ७० टक्के. या हवेचा दवबिंदू ७४ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे ७४ पेक्षा गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती पाणी सोडणार. क्रॉलस्पेसमधली माती, ब्लॉक, पाण्याचे पाइप आणि एसीचे डक्ट (हवा खेळवणारे रुंद नळ), सगळंच त्याहून गार. ज्या व्हेंटमधून ओल बाहेर जाईल असं आपल्याला सांगतात, त्याच व्हेंटमधून उन्हाळ्यात ती आत येते. लाकडातलं पाण्याचं प्रमाण बराच काळ २० टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशीला आमंत्रणच.

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते. आमच्या राज्यातल्या प्रिन्सव्हिल गावात अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने १२ घरांवर याचा अभ्यास केला होता. काही घरांच्या क्रॉलस्पेस व्हेंटवाल्या ठेवल्या, काहींच्या बंद केल्या. बंद केलेल्या कोरड्या राहिल्या आणि त्या घरांचा गरम-गार करण्याचा वीजखर्च सरासरी १५ टक्के किंवा त्याहूनही जास्त कमी झाला. आमच्यासारख्या दमट भागात तुमच्या दुसऱ्या कंत्राटदाराचं म्हणणं बरोबर आहे.

फक्त क्रम चुकवू नका. आधी पाणी, मग हवा, फोम सर्वांत शेवटी. लोक दुकानातून आधी फोम घेऊन येतात.

कोरडाठाक
काडी टाकतो. :)

सगळ्यांनी व्हेंट बुजवलेच पाहिजेत ही अलीकडची फॅशन आहे. मी कोलोरॅडोत. इथे उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी की व्हेंटमधून ओल आत येण्याचा प्रश्नच नाही. फ्लोअरखाली नीट बसवलेलं इन्सुलेशन, मातीवर प्लास्टिक, व्हेंट उघडे. वर्षानुवर्षं काहीही झालेलं नाही. भिंतींना फोम लावला म्हणजे खालच्या रिकाम्या जागेलाही तुम्ही घराच्या आत घेतलं, आता ती जागाही ऊब खाणार. जिथे कोणी बसत नाही, झोपत नाही, ती खोली कशाला तापवायची?

ओलावामीटर
@कोरडाठाक, कोलोरॅडोपुरतं मान्य. पण मेरीलँडचा जुलै कोलोरॅडोसारखा नसतो. आणि "नीट बसवलेलं" हा शब्द तुम्ही फार पटकन लिहून गेलात. उंबरठांकडचे पट्टे लोंबतायत ते कोणीतरी एके काळी नीट बसवलेलेच होते. गुरुत्वाकर्षण चोवीस तास कामावर असतं.

शिवाय डक्ट कुठे आहेत ते बघा. क्रॉलस्पेसमध्ये फर्नेसचे (घर तापवणाऱ्या भट्टीचे) डक्ट असतील तर त्यांच्या सांध्यांतून गळणारी गरम हवा व्हेंटमधून अंगणात जाते. भिंतींना इन्सुलेशन केलं की ते डक्ट घराच्या आत येतात, गळली तरी ऊब घरातच राहते.

कोरडाठाक
आमच्याकडे रेडिएटर आहेत. डक्टच नाहीत. म्हणून म्हणतो, ज्याचं त्याने बघावं. माघार नाही, तह.

नळकोंडाळे
मी डॅलसचा, जुनं पिअर अँड बीमचं (खांब-तुळयांवर उचललेलं) घर. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये जी थंडी पडली त्यात आमच्या क्रॉलस्पेसमधला पाण्याचा पाइप फुटला. कारण साधं होतं. फ्लोअरच्या पोटाला इन्सुलेशन, त्यामुळे घरातली ऊब वरच अडकली, आणि पाइप त्या इन्सुलेशनच्या खाली, उघड्या व्हेंटच्या समोर. इन्सुलेशनने घर राखलं आणि पाइप बर्फात सोडले. फ्लोअरला इन्सुलेशन करणाऱ्यांनी पाइप इन्सुलेशनच्या कुठल्या बाजूला आहेत हे आधी टॉर्च घेऊन बघावं.

उंबरठा
आमचे पाइप जॉइस्टच्या खालून लटकतायत. म्हणजे तुमच्यासारखेच. घाबरवलंत.

सरपटू
मी व्हर्जिनियात आहे आणि हे काम स्वतः केलंय. कोणी लिहीत नाही ते लिहितो.

बोर्ड चार बाय आठ फुटी येतो. तुमचं हॅच (खाली शिरायचं झाकण) मोजा. बांधकामाच्या कोडप्रमाणे फ्लोअरमधल्या हॅचला कमीत कमी १८ बाय २४ इंच आणि बाहेरच्या भिंतीतल्या दाराला १६ बाय २४ इंच लागतात. जुन्या घरात तेवढंही असेलच असं नाही. चार फुटी बोर्ड त्यातून जात नाही. तो वाकवून घालायचा मोह टाळा, कोपरा तुटतो आणि पांढरे-निळे दाणे केसांत, कानांत, नंतर जेवणात. बाहेर अंगणातच दोन-दोन फुटांच्या पट्ट्या करा. कटरने एका बाजूने खोल रेघ मारायची, पट्टी टेबलाच्या कडेवर ठेवून दाबायची, कडकन तुटते. दोन इंची बोर्डाला लांब पात्याचा कटर लागतो, साधा निम्म्यावरच संपतो. इलेक्ट्रिक करवत लावू नका, भुसा घरभर होतो.

चिकटवायला फोमसाठीचाच अ‍ॅडहेसिव्ह घ्या. सॉल्व्हंटवाला साधा बांधकामाचा डिंक पॉलिस्टायरीनला (हा बोर्ड त्याचाच असतो) खाऊन टाकतो, मागून खड्डे पडतात आणि बोर्ड सकाळी जमिनीवर सापडतो. त्यावर प्रत्येक बोर्डाला रुंद वॉशरचे काँक्रीट स्क्रू. सांध्यांना टेप, कडांना कॅनचा फोम.

ब्लॉकच्या भिंतीच्या वरच्या टोकाला पोकळ्या उघड्या आहेत का बघा. असतील तर आधी त्या बंद करा, नाहीतर फोमच्या मागून हवा चिमणीसारखी वर चढते.

आणि रिम जॉइस्ट विसरू नका. सिल प्लेटच्या (भिंतीच्या माथ्यावर बसवलेल्या आडव्या लाकडाच्या) वर, दोन जॉइस्टच्या मधे जी चौकोनी जागा असते ती. तिथे बाहेरचं लाकूड एवढंच काय ते घर आणि हवेच्या मधे असतं. प्रत्येक चौकोनाच्या मापाचा तुकडा थोडा लहान कापायचा, बसवायचा आणि चारी बाजूंनी कॅनचा फोम मारायचा. काम कंटाळवाणं आहे, पाठीवर पडून करावं लागतं, पण फरशीच्या गारव्यात फरक पडला तो मुख्यतः यानेच.

भोचक_भवानी
"नंतर जेवणात" वाचून हसू आवरेना. घरच्यांचं काय म्हणणं पडलं?

सरपटू
घरच्यांनी अंगणातच आंघोळ करून आत यायला सांगितलं. आणि हो, तिथे पाठीला कुबड असलेले लांब तंगड्यांचे रातकिडे असतात. चावत नाहीत. पण घाबरले की पळून जात नाहीत, तुमच्याच दिशेने उडी मारतात. तोंडावर फोमचा कॅन धरलेला असताना हा अनुभव वेगळाच असतो.

वाळवी_विरोधक
थांबा, थांबा. एवढं सगळं लिहिलंत आणि वाळवीचं नावच नाही?

वाळवी फोम खात नाही, पण फोमच्या आतून रस्ता काढते. मातीतून निघायचं, बोर्डाच्या मागून वर चढायचं आणि सिल प्लेटच्या लाकडात शिरायचं. बाहेरून मातीची नळी दिसतच नाही, सगळा कारभार पडद्याआड. म्हणून भिंतीच्या वरच्या टोकाला, सिल प्लेटच्या खाली तीन इंचांची पट्टी मोकळी सोडायची. फोम नाही, काही नाही. कीटकवाल्याला टॉर्च मारून बघता आलं पाहिजे. खालीही बोर्ड मातीला टेकू देऊ नका.

मी अटलांटाजवळ राहतो. जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, साउथ कॅरोलिना हा सगळा पट्टा कोडच्या नकाशात "अतिशय जास्त वाळवी"मध्ये येतो आणि इथे जमिनीखाली फोम लावण्यावर निर्बंध आहेत. मेरीलँड त्यात नाही, पण वाळवी तिथेही आहेच. तुमचा कीटकनियंत्रणाचा करार असेल तर त्यातली बारीक अक्षरं वाचा. भिंत झाकली तर हमी रद्द, असं काही करारांत लिहिलेलं असतं. बोर्ड आणण्याआधी त्यांना फोन करा.

सरपटू
बरोबर. वरची तीन इंच मी सोडली आहेत, लिहायचं राहिलं. तेवढ्या पट्टीतून ऊब जाते, पण तो सौदा मान्य.

हिरवाई
बोर्ड कुठला यावर कोणीच बोललं नाही म्हणून.

एक्सपीएस म्हणजे निळा-गुलाबी, इंचाला साधारण आर-५ (आर व्हॅल्यू म्हणजे ऊब अडवण्याची ताकद, जास्त तितकी चांगली). ईपीएस म्हणजे पांढरा, दाणेदार, आर-४ च्या आसपास. पॉलिआयसो म्हणजे दोन्ही बाजूंना फॉइल लावलेला पिवळट, आर-६ पर्यंत, पण कडक थंडीत त्याचा आकडा खाली येतो आणि ओलीत ठेवला तर तो पाणी पितो. त्यामुळे तो मातीपासून दूरच बरा.

मेरीलँडचा बहुतेक भाग कोडच्या हवामान नकाशात झोन ४ मध्ये येतो (आकडा मोठा तितकी थंडी जास्त). ऊर्जा कोडमध्ये झोन ४ साठी क्रॉलस्पेसच्या भिंतीला सलग इन्सुलेशन आर-१० सांगितलंय. झोन ५ पासून पुढे आर-१५. म्हणजे दोन इंची एक्सपीएस तुमच्यासाठी नेमका बसतो, आणखी जाड घेण्याची गरज नाही. दोन इंची ईपीएस थोडा कमी पडतो, अडीच इंची घ्या.

पण एक्सपीएसबद्दल माझी कुरकुर आहे. तो फुगवायला वर्षानुवर्षं एचएफसी-१३४ए हा वायू वापरायचे. हवामान तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. काही राज्यांच्या नियमांमुळे २०२१ पासून कंपन्यांनी मिश्रण बदललंय, तरी लेबल बघून घ्या. ईपीएस पेंटेनने फुगवतात, त्याचा त्रास कितीतरी कमी. शिवाय एक्सपीएसमधला वायू हळूहळू निघून जातो आणि वर्षांगणिक त्याची आर व्हॅल्यू उतरते. जागा असेल तर जाड ईपीएस हे माझं मत.

कोरडाठाक
म्हणजे घर गरम ठेवायला पृथ्वी गरम करायची. (दिवे घ्या.)

अग्निपरीक्षक
सगळे ओलीच्या मागे लागलेत, आगीचं कोण बघणार?

फोम प्लास्टिक आहे, पेटला की काळा धूर. राहत्या जागेत त्याच्यावर अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड किंवा तशाच ताकदीचं आवरण लागतं. क्रॉलस्पेसमध्ये फक्त दुरुस्तीपुरतंच शिरायचं असेल तर कोड थोडी सवलत देतो, तिथे हलकं आवरण चालतं, उदाहरणार्थ पाव इंची प्लायवुड. काही बोर्ड उघडे ठेवण्यासाठी तपासून मंजूर झालेले असतात. थरमॅक्स नावाचा जाड फॉइलचा पॉलिआयसो त्यातला ओळखीचा. साधा निळा-गुलाबी बोर्ड त्यात नाही. तुमच्या काउंटीचा इन्स्पेक्टर काय मान्य करतो ते आधी विचारा, एकेका ठिकाणी एकेक रीत आहे.

आणि तिथे सामान ठेवायचं नाही. ख्रिसमस ट्रीचा खोका खाली गेला की ती "फक्त दुरुस्तीपुरती" जागा राहत नाही.

उंबरठा
हे नवीनच. म्हणजे दुसऱ्या कंत्राटदाराने साधा एक्सपीएस उघडा ठेवायचं सांगितलं तेही चूक?

अग्निपरीक्षक
त्याच्या कागदावर बोर्डाचं नाव आणि मंजुरी लिहून मागा. लिहून देत नसेल तर उत्तर मिळालं.

पाहुणा_कलाकार
आमच्याकडे आलेला सेल्समन म्हणाला, घरातली निम्मी हवा क्रॉलस्पेसमधून येते, म्हणून लगेच सही करा. खरं आहे का हे?

ओलावामीटर
हिवाळ्यात गरम हवा वर चढते आणि छताकडून निसटते, तिच्या जागी खालून हवा ओढली जाते. हे खरं. म्हणून कुबट वास वर येतो. पण "निम्मी" हा आकडा प्रत्येक घराला लावता येत नाही. घर किती फटींचं, डक्ट कसे, हॅच कसं, यावर ठरतं. दारावर पंखा बसवून हवेची गळती मोजतात ती ब्लोअर डोअर चाचणी करून घ्या. तिथेच तुमच्या घराचा आकडा मिळेल. आणि "लगेच सही करा" म्हणणाऱ्याला नंतर फोन करतो म्हणून सांगा.

रेडॉनराव
पेनसिल्व्हेनियातून. मातीतून येणारी हवा म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न रेडॉनचा, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूचा. ईपीएने (केंद्राच्या पर्यावरण खात्याने) ४ पिकोक्युरी प्रति लिटर ही मर्यादा ठरवली आहे, त्याच्या वर असेल तर उपाय करा असं सांगतात. मेरीलँडमध्येही बऱ्याच घरांत निघतो. काम सुरू करायच्या आधी एक आणि संपल्यावर एक चाचणी करा. घरी ठेवायचं किट मिळतं. आकडा जास्त निघाला तर प्लास्टिकखाली सच्छिद्र पाइप टाकून पंख्याने हवा छतावर सोडतात. हे प्लास्टिक अंथरतानाच करणं सोपं, नंतर सगळं उचकटावं लागतं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, भरपूर शिकायला मिळतंय. एक सांगायचं राहिलं. आमचा गॅसचा फर्नेस क्रॉलस्पेसमध्येच आहे, आडवा झोपवलेला. व्हेंट बुजवल्याने त्याला काही होईल का?

सरपटू
अहो!!!

भोचक_भवानी
हे तुम्ही आता सांगताय?

ओलावामीटर
उंबरठा, हे आधी सोडवा, बाकी सगळं मागे ठेवा.

फर्नेस जुन्या पद्धतीचा असेल, म्हणजे जळायला लागणारी हवा तो आजूबाजूच्या जागेतून घेत असेल, तर ते व्हेंट त्याचं नाक आहे. व्हेंट बुजवले की ज्योतीला हवा कमी पडते, धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी उलटा आत येऊ शकतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो दिसत नाही, वासही येत नाही.

फर्नेसला बाहेरून हवा आणणारा वेगळा पाइप आहे का बघा. बंद ज्वलनाच्या फर्नेसला साधारणपणे दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर जातात, एक हवा घ्यायला, एक धूर सोडायला. तसे असतील तर काळजी कमी. एकच धातूचा पाइप चिमणीकडे जात असेल तर व्हेंटला हात लावू नका, आधी एचव्हीएसीवाल्याला (फर्नेस-एसी दुरुस्त करणाऱ्याला) बोलवा. वॉटर हीटरही खाली असेल तर तेच.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वर झोपायच्या खोल्यांजवळ आहे ना?

उंबरठा
अलार्म आहे. फर्नेसचं आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो (घरी सांगून, भवानीताई). एकच धातूचा पाइप आहे. वॉटर हीटर वर गॅरेजमध्ये. फर्नेसचं वयही झालंय, पुढच्या वर्षी बदलायचाच होता.

नळकोंडाळे
मग तो आधी बदला, बंद ज्वलनाचा घ्या किंवा हीट पंप (विजेवर घर गरम-गार करणारं यंत्र) लावा. मगच व्हेंट. तोवर माती झाकायचं काम करता येईल, त्याने फर्नेसचं काही बिघडत नाही.

पाहुणा_कलाकार
इन्सुलेशनला केंद्राचा टॅक्स क्रेडिट मिळतो ना? ३० टक्के?

हिरवाई
मिळायचा. २५सी नावाचं ते क्रेडिट, वर्षाला १२०० डॉलरच्या मर्यादेपर्यंत, ३१ डिसेंबर २०२५ नंतर झालेल्या कामांना बंद केलं गेलं. राज्याच्या आणि वीज कंपनीच्या योजना वेगळ्या, त्या आपापल्या बघाव्या लागतील.

पाहुणा_कलाकार
आमचं नशीबच असं. काम ठरवलं की योजना संपते.

किनारपट्टी
एक भर. घर पुराच्या नकाशात येत असेल तर व्हेंट बुजवण्याआधी थांबा. पूरक्षेत्रात भिंतीला पाणी आत-बाहेर जाण्यासाठी उघडी भोकं ठेवावी लागतात, बंदिस्त जागेच्या प्रत्येक चौरस फुटाला एक चौरस इंच या हिशेबाने. ती बुजवली आणि बाहेर पाणी चढलं तर त्याचा दाब भिंतीवर येतो, शिवाय पूरविम्याचाही घोळ होतो. पूर आला की आपोआप उघडणारे आणि एरवी बंद राहणारे इन्सुलेटेड व्हेंट मिळतात, ते बघा.

ओलावामीटर
आता उंबरठांच्या मूळ प्रश्नाकडे. ओल आत कोंडली गेली तर?

कोंडली जाणारच, जर आधी पाणी थांबवलं नाही तर. म्हणून फोमच्या आधी घराला बाहेरून एक चक्कर मारा, तीही पाऊस चालू असताना, छत्री घेऊन. छताच्या पन्हळी तुंबल्यात का? पन्हळीचा पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी ओततोय का? मग तो लांब न्या. घराभोवतीची जमीन घराकडे उतरते की बाहेरच्या बाजूला? कित्येक ओल्या क्रॉलस्पेसच्या ओलीचं मूळ छतावर सापडतं.

मग माती झाकायची. कोड ६ मिलचं प्लास्टिक चालवतो (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटर समजून दुकानात भांडू नका). पण त्यावरून पुढे आयुष्यभर कोणीतरी सरपटणार आहे, त्यामुळे १० ते २० मिलचं विणीचं घ्या. दोन पट्टे एकमेकांवर सहा इंच तरी यायला हवेत, सांधे टेपने बंद, आणि कडा भिंतीवर सहा इंच चढवून चिकटवायच्या. अणकुचीदार दगड आधी वेचून काढा. खांबांच्या पायालाही गुंडाळायचं, ते लोक सोडून देतात.

भिंतीचं इन्सुलेशन वरून खाली बाहेरच्या जमिनीच्या पातळीपर्यंत, आणि तिथून पुढे आणखी २४ इंच उभं किंवा आडवं न्यायचं, असं कोड म्हणतो. तुमची उंचीच तीन फूट, म्हणजे बहुतेक सगळी भिंत आली, तळाची वाळवीची फट सोडून. उरलेले इंच प्लास्टिकवर आडवे न्यावे लागतील.

आणि व्हेंट बुजवले की ओल बाहेर काढायची दुसरी सोय हवीच, कोडही तेच सांगतो. एक पर्याय म्हणजे घरातली थोडी हवा खाली सोडायची, प्रत्येक ५० चौरस फुटांना मिनिटाला एक घनफूट, आणि ती परत वर यायला वाट ठेवायची. दुसरा, त्याच मापाने बाहेर हवा फेकणारा पंखा. तिसरा, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), हजार चौरस फुटांना दिवसाला ७० पिंट या ताकदीचा. मला आमच्या हवेत डीह्युमिडिफायर आवडतो. आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांवर लावून ठेवायची.

कोरडाठाक
बघा, म्हणजे फोम, प्लास्टिक, पंखा, यंत्र, यंत्राचं बिल. मी अजून माझ्या उघड्या व्हेंटवर खूश आहे.

ओलावामीटर
असाच खूश राहा, तुमच्या हवेत ते शोभतं. :)

उंबरठा
आणि ते लोंबणारं फायबरग्लास? काढून टाकायचं की राहू द्यायचं?

वाळवी_विरोधक
काढा. ओलं झालेलं तसंही कामाचं नाही आणि त्यात उंदरांची वसाहत असते. पण झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको. उंदरांच्या लेंड्यांची धूळ उडाली तर हंताव्हायरसचा धोका असतो. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, फवारून ओलं होऊ द्यायचं, मग हातमोजे घालून उचलायचं. एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क, चष्मा आणि नंतर फेकून देता येईल असा अंगभर कोट. जुन्या पाइपांवर पांढरं पुठ्ठ्यासारखं गुंडाळलेलं दिसलं तर हात लावू नका, ते अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. नमुना तपासून घ्या.

भोचक_भवानी
एवढं वाचून माझी क्रॉलस्पेस मी विकायला काढत आहे. घर मोफत.

गुळाचा_गणपती
आमच्याकडे भिंतीला फोम आहे आणि फ्लोअरखालीही फायबरग्लास तसंच ठेवलंय. दुहेरी फायदा नाही का?

ओलावामीटर
भिंतीला लावलं की फ्लोअरखालचं काढलेलं बरं. घरातली थोडी ऊब खाली झिरपते, तिच्यावरच ती जागा आणि पाइप उबदार राहतात. दोन्हीकडे लावलं तर खालची जागा ना घरात ना बाहेर. धाग्याच्या नावातल्या प्रश्नाचंही हेच उत्तर: तुमच्या हवेत भिंतीला, फ्लोअरला नाही.

उंबरठा
ठरलं. आधी पन्हळी आणि माती, मग प्लास्टिक, रेडॉनची चाचणी, फर्नेस बदलून झाला की व्हेंट आणि फोम. रिम जॉइस्ट आत्ताच करतो, त्याला फर्नेसची वाट बघायची गरज नाही ना?

सरपटू
व्हेंट उघडे आहेत तोवर चालेल. फक्त फर्नेसच्या धुराच्या पाइपाजवळ फोम नको, पाइपावर लिहिलेलं अंतर सोडा. व्हेंट रिम जॉइस्टमध्येच असेल तर तेवढा चौकोन तसाच ठेवा.

उंबरठा
आणि तो डीह्युमिडिफायर पाणी टाकणार कुठे? खाली ना नाली, ना ड्रेन.

नळकोंडाळे
छोटा कंडेन्सेट पंप जोडा, बारीक नळीने पाणी वर चढवून बाहेर सोडतो. नळीला मधे कुठे झोळ पडू देऊ नका, आणि बाहेरचं टोक भिंतीपासून लांब न्या, नाहीतर तेच पाणी फिरून तुमच्याकडे येईल. पंप अडकला की यंत्र बंद करणारी सेफ्टी वायर त्याच्यासोबत येते. ती लोक जोडतच नाहीत, तुम्ही जोडा. आर्द्रतामापक मात्र यंत्राच्या जवळ ठेवू नका, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात टांगा आणि आकडा वर फोनवर दिसेल असा घ्या.

भोचक_भवानी
म्हणजे रातकिड्यांना आता वायफाय पण.